भेसळ, मिश्रण आणि शोध

सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते आणि घराच्या पायासाठी चार पोती मिळवायची तर परवान्याचा कागद हातात घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागत, त्या काळात ‘सिमेंटमध्ये राख मिसळली’ हे शब्द म्हणजे उघड फसवणुकीचा आरोप होता. ज्या ठेकेदारावर हा आरोप येई, त्याच्या दारात पुन्हा कोणी घराचा नकाशा घेऊन जात नसे. हे नियंत्रण १९८२ साली अंशतः आणि १९८९ साली पूर्णपणे उठले. आज दुकानात रचलेल्या पोत्यांपैकी पुष्कळांवर, आत राख आहे आणि ती किती टक्के आहे, हे उत्पादक स्वतःच छापतो आणि भारतीय मानकाची खूणही त्याच पोत्यावर असते. काल जी भेसळ होती ती आज अधिकृत मिश्रण झाली आहे.

एवढ्यावर ही कथा संपत नाही. त्याच राखेने आता पेटंट कार्यालयाचे दार ठोठावले आहे. औष्णिक वीज केंद्रातील राख, पोलाद कारखान्यातील धातुमळी, साखर कारखान्याच्या बॉयलरमधील बगॅसची राख, भातगिरणीतील तूस अशा टाकाऊ पदार्थांपासून सिमेंटला पर्याय बनवल्याचे दावे जगभरच्या पेटंट कार्यालयांत दाखल होत असतात. या प्रत्येक अर्जात एकच मागणी असते: हे मिश्रण हा शोध आहे, तेव्हा वीस वर्षे ते दुसऱ्या कोणी करू नये. म्हणजे कृती एकच, चूर्णात चूर्ण मिसळण्याची. पण तिला नावे तीन. भेसळ आणि अधिकृत मिश्रण यांतील फरक प्रयोगशाळेतील यंत्र सांगते. अधिकृत मिश्रण आणि शोध यांतील फरक सांगण्याची जबाबदारी मात्र पेटंट परीक्षक नावाच्या, लोकांना सहसा ठाऊक नसलेल्या अधिकाऱ्यावर असते. त्याचा निर्णय चुकला तर त्याची किंमत समाजाला अनेक वर्षे मोजावी लागते. म्हणून तो हा निर्णय कसा करतो आणि त्याला कोण मदत करू शकते, हे समजून घेणे सर्वसामान्य सुशिक्षिताच्याही हिताचे आहे.

राखेला मोल का आले?

सिमेंट तयार होते ते चुनखडी आणि चिकणमाती सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून. भट्टीतून निघणाऱ्या गोळ्यांना क्लिंकर म्हणतात. ते जिप्समबरोबर दळले की सिमेंट होते. या प्रक्रियेत एक अटळ दोष आहे. कोळशाच्या ज्वलनातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो तो निघतोच. पण चुनखडी फुटून तिचा चुना होताना तिच्या पोटातूनही तोच वायू बाहेर पडतो आणि त्याचे प्रमाण इंधनातून निघणाऱ्या वायूपेक्षा अधिक असते. भट्टी कितीही सुधारली तरी हा दुसरा भाग टळत नाही. एक टन क्लिंकरमागे स्थूलमानाने आठशे ते नऊशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. क्लिंकरचे प्रमाण कमी करणे हाच यावरील सर्वांत सरळ उपाय आहे.

दुसऱ्या बाजूला राखेचे डोंगर उभे आहेत. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण तीस ते पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत असते. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, एकलहरे ही नावे महाराष्ट्राला वीज केंद्रांमुळे परिचित आहेत. त्या गावांच्या आसपासच्या लोकांना ती राखेमुळे अधिक परिचित आहेत. २०२२ च्या जुलै महिन्यात नागपूरजवळ खसाळा येथील कोराडी केंद्राच्या राखतळ्याचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत व ओढ्यानाल्यांत शिरले. राखेचा वापर व्हावा म्हणून केंद्र सरकारने १९९९ पासून वेळोवेळी अधिसूचना काढल्या; २०२१ च्या अखेरीस काढलेल्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर भरपाईही बसवली. चंद्रपूर जिल्ह्यात तर एकीकडे मोठे औष्णिक केंद्र आणि दुसरीकडे चुनखडीच्या खाणी व सिमेंटचे कारखाने आहेत. एकाचा कचरा ही दुसऱ्याची गरज ठरावी, अशी ही शेजारसोबत आहे.

राख सिमेंटमध्ये काय करते? सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगात जो चुना मोकळा होतो, त्याच्याशी राखेतील सिलिका सावकाश संयोग पावते आणि आणखी बंधक द्रव्य तयार होते. आपल्याकडील जुन्या गवंड्यांना हे रसायन पुस्तकी नावाने ठाऊक नव्हते. पण भाजलेल्या विटांचा भुगा, म्हणजे सुरखी, चुन्यात घालून बैलाच्या घाणीत मळली की ओलसर जागीही बांधकाम टिकते, हे त्यांना पक्के माहीत होते. झोतभट्टीतील धातुमळी, जिला कारखान्यात स्लॅग म्हणतात, तिची गोष्ट थोडी निराळी आहे. ती सावकाश निवू दिली तर रस्त्याला घालायच्या खडीपलीकडे तिचा फारसा उपयोग नाही. पाण्याच्या झोताखाली ती झटकन थंड केली तर काचेसारखे दाणे बनतात, आणि ते दळले की त्यांत सिमेंटसारखा गुण येतो. पदार्थ तोच, रीत बदलली की गुण बदलला. पेटंटच्या दृष्टीने हा मुद्दा कळीचा आहे.

चिवडा आणि दही

भारतात पेटंटचा पहिला कायदा १८५६ साली झाला. पुढे १९११ चा कायदा आला आणि स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे आजचा १९७० चा कायदा तयार झाला. तो १९७२ च्या एप्रिलपासून अमलात आहे. १९९९, २००२ आणि २००५ या वर्षी त्यात मोठे बदल झाले. पण आपल्या विषयाला लागू पडणारे एक कलम मूळ कायद्यापासूनच आहे. ते तिसऱ्या कलमाचे ‘ई’ हे उपकलम. ज्या मिश्रणात घटकांच्या गुणांची नुसती बेरीज होते, ते मिश्रण आणि ते करण्याची रीत हा शोध नव्हे, असे ते सांगते.

या वाक्याचा अर्थ स्वयंपाकघरात चांगला कळतो. चिवड्यात पोहे, दाणे, डाळे, खोबरे सगळे असते. प्रत्येक घासात प्रत्येकाची चव आपापली लागते. चिवडा कितीही चविष्ट झाला तरी ती गुणांची बेरीजच. दुधाला विरजण लावल्यावर मात्र जे दही होते, ते दूधही नव्हे आणि विरजणही नव्हे. राख, धातुमळी आणि क्लिंकर एकत्र करून स्वस्त सिमेंट बनवल्याचा दावा परीक्षकापुढे येतो, तेव्हा त्याने हेच विचारायचे असते की हा चिवडा आहे की हे दही आहे. राख स्वस्त म्हणून मिश्रण स्वस्त झाले, राख संथ म्हणून मिश्रण संथपणे घट्ट झाले, एवढेच दाखवता येत असेल तर ती बेरीज झाली. पण ठरावीक बारीकपणाच्या राखेला ठरावीक प्रमाणात दुसरे द्रव्य जोडल्याने तिसऱ्या किंवा सातव्या दिवशीच, घटकांच्या गुणांवरून अपेक्षित नसलेले बळ मिळाले आणि तसे तुलनात्मक आकडे अर्जदाराने मांडले, तर परीक्षकाला थांबून विचार करावा लागतो.

गुणांत वाढ झाली एवढ्यानेही भागत नाही. ती त्या विषयातील जाणत्या माणसाला सहज सुचण्यासारखी नसावी, अशी कायद्याची पुढची अट आहे. या अटीचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे दाराच्या मुठींचे एक प्रकरण आले होते. धातूच्या किंवा लाकडाच्या मुठीऐवजी भाजलेल्या मातीची मूठ बसवण्याचे ते पेटंट होते. मूठ चांगली असेल, स्वस्तही असेल. पण एका द्रव्याच्या जागी दुसरे द्रव्य घालणे हे कुशल कारागिराचे काम आहे, शोधकाचे नव्हे, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या डिसेंबरात मिर्झापूरच्या भांड्यांच्या कारखानदारीतील एका प्रकरणात याच धर्तीचा निकाल दिला. लेथवर भांडे धरण्याच्या साधनाचे ते पेटंट होते. कारखान्यात रोजच्या कामाच्या ओघात होणाऱ्या सुधारणेहून काही अधिक असल्याखेरीज पेटंट मिळू शकत नाही, असे त्यात स्पष्ट झाले. सिमेंटच्या जागी राख घालणाऱ्या प्रत्येक अर्जदाराने ही दोन प्रकरणे वाचावीत.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. रसायनाच्या क्षेत्रात घटक बहुधा जुनेच असतात. घटक जुने म्हणून शोध जुना, असा हिशेब केला तर कोणालाच पेटंट देता येणार नाही. शिवाय उत्तर समोर आले की प्रश्न सोपा वाटू लागतो, हा मनुष्यस्वभाव आहे. परीक्षकाला अर्जदाराचे उत्तर वाचूनच काम सुरू करावे लागते. त्यामुळे ‘हे तर कोणालाही सुचले असते’ असे म्हणण्याचा मोह त्याला पडतो. तो आवरण्याचा मार्ग एकच आहे, तो म्हणजे अर्जाच्या तारखेपूर्वी जगाला काय ठाऊक होते याचा कागदोपत्री शोध.

पूर्वज्ञानाची तपासणी

या क्षेत्रातील पूर्वज्ञान अफाट आहे. झटकन थंड केलेल्या धातुमळीचा बंधक गुण जर्मनीत एमिल लांगेन यांनी १८६२ साली दाखवला. धातुमळीला क्षारांची जोड देण्याविषयीचे पुर्दों यांचे संशोधन १९४० साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर सोव्हिएत संघात कीएव्ह येथे ग्लुखोव्स्की यांनी १९५० नंतरच्या दशकात याच वाटेने जाऊन सिमेंटविरहित काँक्रीट घडवले. फ्रान्सचे जोसेफ दाव्हिदोव्हित्स यांनी ‘जिओपॉलिमर’ हे नाव रूढ केले आणि धातुमळी मिसळलेल्या, लवकर बळ धरणाऱ्या अशा एका बंधकाचे पेटंट १९८५ साली अमेरिकेत त्यांच्या नावे झाले. तेव्हा राखेला सोडियम हायड्रॉक्साइड आणि सोडियम सिलिकेट यांची जोड देऊन सिमेंट टाळल्याचा दावा आज कोणी केला, तर त्याला एवढ्या मोठ्या मिरवणुकीच्या शेवटी उभे राहून आपले वेगळेपण सिद्ध करावे लागेल.

आपल्या देशातील कागदही थोडे नाहीत. धातुमळीच्या सिमेंटचे भारतीय मानक १९५३ चे आहे, पोझोलाना सिमेंटचे १९६२ चे आणि राखेचे १९६६ चे. उत्तर प्रदेशातील रिहांड धरणाच्या काँक्रीटमध्ये राख वापरली गेली. राख, धातुमळी आणि क्लिंकर हे तिन्ही एकत्र करण्याचे मानकही २०१५ पासून उपलब्ध आहे. महाराष्ट्रात सह्याद्रीच्या माथ्याशी घाटघर येथे जी रूळदाबाच्या काँक्रीटची धरणे झाली, ती या पद्धतीची देशातील पहिली. त्यांच्या बंधकात राखेचा वाटा सिमेंटच्या वाट्याहून अधिक आहे. हे सारे छापील किंवा दगडासारखे उभे असलेले पूर्वज्ञान आहे. पारंपरिक ज्ञानावर पेटंट देता येत नाही, असेही २००२ च्या दुरुस्तीपासून कायद्यात आहे. म्हणजे उद्या कोणी सुरखीला नवे नाव देऊन दारात आला तर त्याला परत पाठवण्याची सोय आहे.

जगातील पेटंटांची वर्गवारी करण्याची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तिच्यात सिमेंट, काँक्रीट आणि कृत्रिम दगड यांचा वर्ग ‘सी ०४ बी’ या खुणेने ओळखला जातो. टाकाऊ पदार्थांसाठी, त्यातही उडत्या राखेसाठी आणि धातुमळीसाठी निराळे कप्पे आहेत. परीक्षक या कप्प्यांत शोध घेतो. पण जे ज्ञान कोणत्याच कप्प्यात पोहोचले नाही, त्याचे काय? पाटबंधारे खात्याचे चाचणी अहवाल, नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेसारख्या संस्थांतील नोंदी, अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्रकल्प-अहवाल यांतील पुष्कळसे कागद संगणकाच्या एका कळीवर सापडत नाहीत. परीक्षकाला जे सापडत नाही ते त्याच्या दृष्टीने अस्तित्वात नसते. जुने ज्ञान नव्या नावाने एका मालकाच्या ताब्यात जाण्याचा खरा धोका येथे आहे.

झाकली मूठ

जुनेपणाची चाळण पार केली तरी एक परीक्षा उरते, आणि टाकाऊ पदार्थांच्या बाबतीत ती सर्वांत महत्त्वाची आहे. पेटंट हा समाज आणि शोधक यांच्यातील करार आहे. समाज वीस वर्षांचा एकाधिकार देतो. त्याच्या बदल्यात शोधकाने आपली रीत, त्याला ठाऊक असलेल्या सर्वोत्तम पद्धतीसह, अशी लिहून द्यायची की तिच्या आधारे दुसरा जाणता माणूस तीच वस्तू बनवू शकेल. मराठीत आपण म्हणतो, झाकली मूठ सव्वा लाखाची. पेटंटचा कायदा म्हणतो की सव्वा लाख हवे असतील तर मूठ उघडा.

मूठ न उघडता सव्वा लाख मिळाल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण खुद्द पोर्टलंड सिमेंटचेच आहे. इंग्लंडमधील लीड्सचा गवंडी जोसेफ अॅस्पडिन याला १८२४ च्या ऑक्टोबरात पेटंट मिळाले. त्याच्या विवरणात, रस्त्याच्या डागडुजीला वापरली जाणारी चुनखडी रस्त्यावर तिचा चिखल वा धुरळा झाल्यावर गोळा करावी, असे सांगितले होते. म्हणजे या उद्योगाचा आरंभच एका अर्थी टाकाऊतून झाला. पण चुनखडी किती आणि माती किती, हे त्यात नव्हते. ठरावीक प्रमाण घ्यावे, एवढेच होते. भट्टी किती तापवावी याचा आकडा नव्हता. त्या काळी इंग्लंडमध्ये पेटंट अर्जाची खरी परीक्षा होतच नसे. नावीन्याचा शोध घेण्याची पद्धत तेथे १९०५ पासून सुरू झाली. ज्याला आज आपण पोर्टलंड सिमेंट म्हणतो, ते पुरेशा उष्णतेत क्लिंकर करून बनवण्याची रीत १८४० नंतरच्या दशकात अॅस्पडिनचा मुलगा विल्यम आणि आयझॅक जॉन्सन यांच्या प्रयत्नांतून पुढे आली. पेटंटने जगाला नाव दिले. ज्ञान मात्र इतरांना पुन्हा चाचपडत मिळवावे लागले.

याच्या उलट उदाहरण भाताच्या तुसाचे आहे. तूस जाळले तर राख होते, हे भंडारा-गोंदियाच्या भातगिरण्यांत काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. ती राख सिलिकेने भरलेली असते, हेही जुनेच. परंतु उघड्यावर भडकून जळालेल्या तुसाच्या राखेतील सिलिका स्फटिकरूप होऊ शकते आणि मग ती चुन्याशी फारशी संयोग पावत नाही. ज्वलन नियंत्रित ठेवले तर सिलिका अस्फटिक राहते आणि उत्तम बंधक होते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक पोविंदर कुमार मेहता यांना या विषयावर १९७८ साली तेथील पेटंट मिळाले. येथे घटक जुना असला तरी तो कोणत्या अवस्थेत आणि कसा मिळवायचा, हे सांगितले गेले. असे सांगणे हेच पेटंटचे खरे मोल आहे.

राखेच्या बाबतीत हे सांगणे अवघड असते, कारण राख ही एक वस्तू नव्हे. चंद्रपूरची राख आणि तमिळनाडूतील नेव्हेलीच्या लिग्नाइटची राख यांत चुन्याचे प्रमाण फार वेगळे असते. एकाच केंद्रात कोळसा बदलला, बॉयलरवरील भार बदलला, धूर गाळणाऱ्या यंत्राच्या पहिल्याऐवजी शेवटच्या कप्प्यातील राख घेतली, तरी बारीकपणा आणि न जळलेल्या कोळशाचे प्रमाण बदलते. साखर कारखान्यांतील बगॅसची राख तर बॉयलरगणिक निराळी. असे असताना ‘दहा ते नव्वद टक्के औद्योगिक राख’ अशा ऐसपैस शब्दांत दावा मांडणारा अर्जदार काय करतो? त्याने प्रयोग केलेला असतो एका केंद्राच्या एका राखेवर आणि हक्क मागतो देशातील सगळ्या राखेवर. दावे स्पष्ट असावेत आणि विवरणात जे उघड केले आहे त्यावरच ते आधारलेले असावेत, अशी कायद्याची आज्ञा आहे. राखेचा उगम, तिची रासायनिक घडण, बारीकपणा, जळायचा राहिलेला कोळसा, मिश्रणाचे प्रमाण, पाण्याचे प्रमाण आणि किती दिवसांनी किती बळ, या गोष्टी लिहिल्या नसतील तर परीक्षकाने दावा आक्रसून घ्यायला लावला पाहिजे. यात अर्जदारावर अन्याय नाही. जेवढे दिले तेवढेच मागावे, हा कोणत्याही कराराचा साधा न्याय आहे.

या सैल दाव्यांचा फटका बसतो तो लहान माणसाला. वीज केंद्राच्या परिसरात राखेच्या विटा आणि ठोकळे बनवणारा एखादा लघुउद्योजक वर्षानुवर्षे जे करत आला, तेच कोणाच्या तरी दाव्याच्या कक्षेत येते असे सांगणारी वकिलाची नोटीस त्याच्या हाती पडली, तर न्यायालयात जाऊन लढण्याऐवजी तो बहुधा भट्टी बंद करील. दावा अखेरीस टिकला नसता, हे त्याच्या उपयोगी पडत नाही. आणि त्याने न उचललेली राख पुन्हा तळ्यातच जाते.

पेटंट म्हणजे हमी नव्हे

सर्वसामान्य ग्राहकाच्या मनात आणखी एक गैरसमज असतो. भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून दोन खोल्या बांधणारा शिक्षक किंवा कारकून जाहिरातीत ‘पेटंटप्राप्त’ हा शब्द वाचतो आणि त्याला ती सरकारने दिलेली गुणवत्तेची हमी वाटते. ती तशी नाही. पेटंट कार्यालय चौकोनी ठोकळे ओतून ते यंत्राखाली फोडून पाहत नाही. ते कागद तपासते. इतकेच काय, परीक्षेत उत्तीर्ण झालेले पेटंट कायद्याने वैध आहेच अशी हमीही या परीक्षणातून मिळत नाही, असे खुद्द कायद्याच्या तेराव्या कलमात म्हटले आहे. बळाची परीक्षा भारतीय मानकांची. राखमिश्रित पोझोलाना सिमेंटने अठ्ठावीस दिवसांनी किमान ३३ मेगापास्कल बळ दाखवले पाहिजे, अशा तऱ्हेच्या अटी मानकात असतात, पेटंटमध्ये नाहीत. तेव्हा पोत्यावर पाहायचे ते मानकाचे चिन्ह. पेटंटचा क्रमांक त्या वस्तूवर हक्क कोणाचा, एवढेच सांगतो.

या दोन परीक्षांची फारकत योग्यच आहे. पण समाजाच्या दृष्टीने दोन्हींचा हेतू एकच असतो, तो म्हणजे मिश्रणात काय आहे ते उघड असावे. भेसळ करणारा ठेकेदार आणि मानकाप्रमाणे राख घालणारा कारखानदार यांत राखेचा फरक नव्हता. एकाने लपवून, न मोजता मिसळली. दुसऱ्याने सांगून, मोजून मिसळली. पेटंटच्या दारातही हीच कसोटी लावली तर बरेच प्रश्न सुटतील. जो अर्जदार राख कोणती आणि किती हे लपवतो, तो शोधकाच्या वेषातला जुना ठेकेदारच म्हणायचा.

कपाटांतील अहवाल

यात सामान्य माणसाने काय करायचे? कायद्याने त्याच्या हाती दिलेले एक साधन फारसे कोणाला ठाऊक नाही. पेटंटचा अर्ज सामान्यतः अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. त्यानंतर पेटंट मंजूर होईपर्यंत कोणत्याही व्यक्तीला पंचविसाव्या कलमाखाली लेखी विरोध नोंदवता येतो. विरोधकाचा त्या धंद्यात काही हितसंबंध असलाच पाहिजे, अशी अट येथे नाही. मंजुरीनंतरही, ती प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षापर्यंत विरोधाची सोय आहे. ती मात्र हितसंबंध असलेल्यांपुरती. याचा अर्थ असा की, तंत्रनिकेतनातील अध्यापकाच्या कपाटात एखादा जुना, तारीखवार, लोकांना पाहण्यास खुला असलेला अहवाल असेल आणि त्यात तेच मिश्रण असेल, तर तो अहवाल परीक्षकापुढे ठेवण्याचा हक्क त्या अध्यापकाला आहे. परीक्षकाची ही सर्वांत मोठी मदत ठरेल.

अडचण आहे ती कपाटाचीच. कोल्हापूर-सांगलीपासून नागपूर-चंद्रपूरपर्यंत अभियांत्रिकीचे विद्यार्थी राखेचे आणि बगॅसचे ठोकळे ओततात, सातव्या व अठ्ठावीसाव्या दिवशी ते फोडतात, आकडे लिहितात, अहवालाला काळी बांधणी करतात आणि गुण मिळाले की तो अहवाल विभागाच्या कपाटात बंद होतो. पीएच.डी.चे प्रबंध आता शोधगंगा या राष्ट्रीय संग्रहात ठेवले जातात. पण पदवीच्या आणि पदव्युत्तर प्रकल्पांना अशी वाट क्वचितच मिळते. हे कपाटातले ज्ञान विद्यार्थ्याच्या उपयोगी पडत नाही, समाजाच्या उपयोगी पडत नाही आणि परीक्षकाच्या दृष्टीलाही पडत नाही.

म्हणून प्रत्येक विभागाने वर्षाच्या शेवटी एक प्रश्न स्वतःला विचारावा. या अहवालात खरोखर नवे काही असेल तर प्रसिद्धीपूर्वी पेटंटचा अर्ज करायचा का? कारण आधी छापले आणि मग अर्ज केला, तर आपलेच लेखन बहुधा आपल्या आड येते. कायद्यातील सवलती मोजक्या प्रसंगांपुरत्याच आहेत. नवे नसेल, किंवा ते सर्वांसाठी खुले ठेवायचे असेल, तर द्रव्ये, प्रमाण, रीत, आकडे आणि तारीख यांसह त्याचा सारांश महाविद्यालयाने सर्वांना दिसेल अशा जागी प्रसिद्ध करावा. या दोन्ही वाटा सन्मानाच्या आहेत. कपाट ही तिसरी वाट मात्र सर्वांत वाईट, कारण तिच्यामुळे उद्या दुसरा कोणी तेच ज्ञान आपल्या नावावर करून घेईल आणि ज्यांनी ठोकळे ओतले त्यांनाच ते विकेल.

पेटंटने शोधकाला प्रतिफळ मिळते आणि मिळावे. ज्या शोधकाने राखेला खरोखर नवा गुण दिला आणि तो कसा दिला हे प्रांजळपणे सांगितले, त्याचा वीस वर्षांचा हक्क कोणी नाकारू नये. पण ज्या विजेने राज्यभरची घरे उजळली तिचीच ही राख आहे, आणि तिचा लोट ज्यांच्या अंगणात पडतो ती माणसेही आपलीच आहेत. त्या राखेतून घर उभे करण्याची विद्या कोणाची, याचा निर्णय करणाऱ्या परीक्षकाच्या टेबलावर आपल्या महाविद्यालयांतील आणि खात्यांतील कागद वेळेवर पोहोचले पाहिजेत. ते पोहोचवण्याचे काम सरकारवर सोडून देण्याजोगे नाही. ज्याच्या कपाटाची किल्ली ज्याच्या हातात आहे, त्याने ते उघडायचे आहे.